गोचिडीची पायपीट : रानातला परजीवी गावात कसा येतो



दसरा झाला की आपल्या परळी, धारूर, केज, माजलगाव भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. टायरगाडीला बैल जुंपलेले, गाडीत भांडीकुंडी, लेकरं, मागे बांधलेली एखादी शेळी. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी पुणे-नगरकडे, तर कुणी पार कर्नाटकात. पाच-सहा महिने कोपीत काढायचे आणि पाडव्याच्या मागेपुढे घरी परतायचे. ही वर्दळ आपल्याला पाठ आहे. पण या गाडीबरोबर एक प्रवासी असा जातो की त्याला कुणी उचल दिलेली नसते आणि मुकादमाच्या वहीत त्याचे नाव नसते. बैलाच्या कानात, मानेच्या पोळीखाली, शेपटीच्या बुडाशी तो गुपचूप बसतो. बैलाबरोबर जातो आणि बैलाबरोबर परत येतो. हा प्रवासी म्हणजे गोचीड.

तुम्ही म्हणाल, गोचिडीत काय एवढे? ती तर आजोबा-पणजोबांपासून आहे. खरे आहे. पण एका मुलखातली गोचीड दुसऱ्या मुलखात गेली किंवा रानातल्या प्राण्यांवरची गोचीड माणसाच्या वाटेत आली, म्हणजे काय होते याचा इतिहास मोठा आहे. त्यातला एक धडा सातासमुद्रापलीकडचा आहे, तर दुसरा आपल्याच राज्यातला, सिंधुदुर्ग जिल्ह्यातला आहे. दोन्ही धडे आपल्या कामाचे आहेत, म्हणून या पत्रिकेत ते सविस्तर देत आहोत. घरात वाचून दाखवा. ऊसतोडीला जाणाऱ्या शेजाऱ्यालाही वाचून दाखवा.

आधी गोचिडीची रीत समजून घ्या

गोचीड हा परजीवी आहे. परजीवी म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर जगणारा. तिचे खाणे एकच, रक्त. अंड्यातून निघते ते सहा पायांचे बारीक पिल्लू. ते रक्त पिते, कात टाकते आणि आठ पायांची अर्धवाढीची गोचीड होते. तीही रक्त पिते, पुन्हा कात टाकते, मग पूर्ण वाढीची गोचीड होते. मादी रक्त पिऊन टम्म फुगली की गळून पडते आणि गोठ्याच्या भेगेत, दगडाखाली किंवा पाल्यात दोन-तीन हजार अंडी घालून मरते.

यात दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली अशी की गोचिडीला पंख नाहीत. ती उडत नाही, उडी मारत नाही, स्वतःच्या पायाने फार तर काही हात चालते. ती दूर जाते ती दुसऱ्याच्या अंगावर बसूनच. बैल, गाय, शेळी, कुत्रा, उंदीर, हरिण, माकड, पाखरू, जे मिळेल ते तिचे वाहन. दुसरी गोष्ट, गोचिडीच्या काही जाती आपले सगळे आयुष्य एकाच जनावरावर काढतात, तर काही जाती प्रत्येक अवस्थेत जनावर बदलतात. लहानपणी उंदरावर, मग माकडावर, मोठेपणी गाईवर. जी गोचीड घर बदलते ती एका प्राण्याच्या रक्तातला रोग दुसऱ्याच्या रक्तात नेऊन सोडू शकते. रानातला रोग गावात येण्याची वाट ती हीच.

टेक्सासच्या गुरांची गोष्ट

आता परदेशातली हकीगत ऐका. अमेरिकेत टेक्सास नावाचा मोठा प्रांत आहे. सन १८६० नंतरच्या काळात तिथले गुराखी हजारो जनावरे पायी हाकीत उत्तरेकडे रेल्वेपर्यंत नेत. टेक्सासची जनावरे दिसायला धडधाकट. पण ती ज्या कुरणातून जात, त्या कुरणात मागून चरणारी उत्तरेकडची जनावरे महिना-दीड महिन्यात आजारी पडत. ताप येई, लघवी लाल होई आणि जनावर मरे. उत्तरेकडचे शेतकरी चिडले. बंदुका घेऊन वाटेत उभे राहिले आणि टेक्सासचे कळप अडवू लागले.

रोग कशाने होतो हे कुणाला कळेना. कुणी म्हणे श्वासाने, कुणी म्हणे लाळेने. काही गुराखी मात्र म्हणत होते की हे काम गोचिडीचे आहे. शहाण्यासुरत्यांनी त्यांचे ऐकले नाही. शेवटी थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न या तिथल्या शेतीखात्यातल्या शास्त्रज्ञांनी प्रयोग केले. गोचिडी असलेली जनावरे एका कुंपणात आणि गोचिडी वेचून काढलेली जनावरे दुसऱ्या कुंपणात ठेवली. जिथे गोचिडी होत्या तिथेच रोग झाला. सन १८९३ मध्ये त्यांनी हे छापून जाहीर केले. रक्तातल्या तांबड्या पेशी फोडणारा एक सूक्ष्म जंतू गोचीड पसरवते, हे असे सिद्ध झाले. याच रोगाला आपण बबेसियोसिस म्हणतो.

टेक्सासची जनावरे का मरत नव्हती? कारण ती वासरपणापासून त्या रोगाशी झगडून तयार झाली होती. उत्तरेकडची जनावरे नवखी होती. म्हणजे परजीवी जुन्या मुलखात मुकाट राहतो आणि नव्या मुलखात गेला की हाहाकार माजवतो. हे सूत्र गाठीला बांधून ठेवा, पुढे लागणार आहे.

सन १९०६ पासून तिथल्या सरकारने गोचीड निर्मूलनाची मोहीम घेतली. गावोगावी हौद बांधले, औषधाच्या पाण्यातून दर काही दिवसांनी जनावरे पोहत न्यायची. काही शेतकऱ्यांना हा जाच वाटला, त्यांनी हौद सुरुंग लावून उडवलेसुद्धा! तरी काम नेटाने चालले आणि १९४३ पर्यंत मेक्सिकोच्या सीमेलगतची एक पट्टी सोडून सारा देश त्या गोचिडीपासून मोकळा झाला.

आता यातली गंमत पहा. आपल्या मराठवाड्यात ज्वारी-हरभऱ्यात शिरून नासधूस करणारी रोही, म्हणजे नीलगाय, तुम्हाला माहीत आहे. हीच रोही १९२० ते १९४० च्या दरम्यान शिकारीच्या हौसेपायी टेक्सासमधल्या एका बड्या कुरणात नेऊन सोडली गेली. तिथे तिची वीण वाढली. आज सीमेवरच्या पट्टीत तीच रोही गोचिडी अंगावर घेऊन कुंपणे ओलांडते आणि मोकळ्या झालेल्या भागात गोचीड परत नेते. गाय औषधाच्या हौदात घालता येते. रोहीला कोण हौदात घालणार? घरचे जनावर आपल्या हातात असते, रानचे जनावर नसते, हा त्यातला धडा.

ऑस्ट्रेलियातही असेच झाले. सन १८७२ मध्ये जावा बेटावरून थोडी जनावरे डार्विन बंदरात उतरवली गेली, त्यांच्या अंगावर गोचीड होती. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत ती उत्तरेकडून पसरत पसरत क्वीन्सलंडपर्यंत गेली आणि हजारो जनावरे दगावली. ती गोचीड मूळची आपल्या आशिया खंडातली. आपल्या गोठ्यात सगळ्यात जास्त आढळते तीच ही जात. शेवटी ऑस्ट्रेलियाने तोडगा काढला तो आपल्याच मुलखातला. वशिंडाची जनावरे नेऊन त्यांच्याशी संकर केला, कारण वशिंडाच्या जनावराच्या अंगावर गोचीड कमी टिकते.

क्यासनूरच्या रानातली माकडे

आता आपल्या देशाकडे येऊ. सन १९५७ साल. कर्नाटकातल्या, म्हणजे तेव्हाच्या म्हैसूर राज्यातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर नावाचे जंगल आहे. त्या भागात माकडे मरून पडू लागली. लालतोंडी माकडेही मेली आणि काळ्या तोंडाची वानरेही मेली. पाठोपाठ रानात सरपण तोडायला, गुरे चारायला जाणारी माणसे तापाने फणफणली. एकाएकी भरून येणारा ताप, असह्य डोकेदुखी, अंग मोडून येणे, ओकाऱ्या, काहींच्या नाकातून आणि हिरड्यांतून रक्त. पहिल्याच वर्षी साडेचारशेच्या वर माणसे आजारी पडली.

पुण्यात १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र सुरू झाले होते. त्यालाच आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणतात. तिथले शास्त्रज्ञ धावून गेले. माकडे मरतात आणि माणसे तापतात म्हटल्यावर आधी शंका आली पीतज्वराची. तो आफ्रिका-अमेरिकेचा रोग आपल्या देशात शिरला असता तर अनर्थ झाला असता. पण तपासात निघाले वेगळेच. हा विषाणू थेट सायबेरियाच्या बर्फाळ रानात गोचिडीमुळे होणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूचा भाऊबंद निघाला! आणि तो आजारी माणसांत, मेलेल्या माकडांत आणि गोचिडींतही सापडला. ज्या जंगलात तो मिळाला त्याचेच नाव रोगाला पडले, क्यासनूर जंगलताप. आपल्याकडे लोक त्याला माकडताप म्हणतात.

सायबेरियातला भाऊबंद इथे कसा? हिवाळ्यात तिकडून येणारी पाखरे गोचिडी घेऊन येत असतील काय, असा प्रश्न पुढे आला. त्यासाठी १९६० च्या सुमारास मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीने डॉ. सालिम अली यांच्या पुढाकाराने आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने हजारो पाखरे धरून त्यांच्या पायात कड्या घातल्या, अंगावरच्या गोचिडी तपासल्या. पाखरांनी रोग आणला असे काही सिद्ध झाले नाही. पण आपल्या देशात पाखरांच्या स्थलांतराची एवढी मोठी पाहणी झाली ती या गोचिडीच्या निमित्ताने!

मग रोग त्याच वेळी का उसळला? जॉर्ज बोशेल नावाच्या शास्त्रज्ञाने १९६९ मध्ये त्याचा विचार मांडला. रोग जंगलात आधीपासून असावा. उंदीर, चिचुंद्री, माकड आणि गोचीड यांच्यात तो मुकाट फिरत असावा. पण माणसांची संख्या वाढली, जंगल तोडून मध्ये शेते झाली आणि गुरे रानात चरायला जाऊ लागली. माकडतापाची जी मुख्य गोचीड, तिची पूर्ण वाढीची अवस्था गाईगुरांचे रक्त आवडीने पिते. जितकी गुरे रानात, तितकी गोचिडींना मेजवानी, तितकी अंडी आणि तितकी पिल्ले. गाईला तो रोग होत नाही. पण रानात गोचिडींची पैदास वाढवायला ती कारण होते. पुढे तीच पिल्ले उंदरा-माकडाचे रक्त पिऊन विषाणू घेतात आणि अर्धवाढीच्या अवस्थेत माणसाला चावतात.

याचा मोठा पडताळा आला तो कर्नाटकातल्याच दक्षिण कन्नड जिल्ह्यात, १९८२-८३ मध्ये. बेळ्तंगडी भागात काजूच्या लागवडीसाठी जंगल तोडले गेले. त्यानंतर माकडतापाची जी साथ उसळली तिच्यात दीड हजारांहून जास्त माणसे आजारी पडली आणि सुमारे दीडशे दगावली.

शिमोग्याहून दोडामार्गपर्यंत

सुरुवातीची पंधरा वर्षे हा रोग शिमोगा जिल्ह्यातल्या दोन-तीन तालुक्यांपुरता होता. मग तो पाय पसरू लागला. सन २०१२-१३ पर्यंत तो दक्षिणेला बंडीपूरचे जंगल, तमिळनाडूचा निलगिरी आणि केरळचा वायनाड इथे दिसला. उत्तरेकडे २०१५ मध्ये गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आला. आणि २०१६ च्या जानेवारीत आपल्या महाराष्ट्राची वेस ओलांडून सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या दोडामार्ग तालुक्यात, केर गावात पोहोचला. पुढच्याच वर्षी सावंतवाडी तालुक्यातल्या बांदा परिसरातही रुग्ण निघाले. म्हणजे क्यासनूर ते दोडामार्ग ही वाट चालायला त्याला साठ वर्षे लागली. पण शेवटची वाटचाल फार झपाट्याची झाली.

सत्तरी आणि दोडामार्ग ही काजूची गावे. फेब्रुवारी ते मे काजूचा हंगाम. जमिनीवर पडलेले बोंड वेचायला बायामाणसे पाल्यात वाकून, बसून काम करतात. माकडेही बोंडे खायला तिथेच येतात. आणि अर्धवाढीच्या गोचिडीचा जोरही नेमका डिसेंबर ते मे या कोरड्या दिवसांतच. माणूस, माकड आणि गोचीड तिघांची गाठ एकाच झाडाखाली पडते.

आता ऊसतोडीला जाणाऱ्या मंडळींनी पुढची हकीगत कान देऊन ऐकावी. सन २०१६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातले मजूर गोव्यात काजू वेचायला गेले होते. त्यांतले काही आजारी पडले आणि तपासणीत माकडताप निघाला. रोग त्यांच्या गावच्या रानातला नव्हता, तो कामाच्या ठिकाणचा होता. पोटासाठी परमुलखात जाणाऱ्या माणसाला तिथल्या रानाची माहिती नसते. स्थानिक माणूस म्हणतो, अमुक झाडीत बसू नका. पाहुण्या मजुराला कोण सांगणार?

आपल्या परळीचे, बालाघाटाच्या डोंगराचे रान कोरडे, मोकळे. माकडताप हा सह्याद्रीच्या ओल्या, दाट जंगलाचा रोग आहे, म्हणून घरी बसल्या त्याची धास्ती घेण्याचे कारण नाही. पण कोल्हापूर जिल्ह्यातला चंदगड तालुका दोडामार्गाला लागून आहे. मधे तिलारीचा घाट, बस्स. त्या बाजूच्या उसाच्या फडावर गेलात, तर बैल चारायला जंगलाच्या कडेला जाणार, चुलीला सरपण आणायला बाया झाडीत जाणार. हंगामही तोच, गोचिडीच्या जोराचा. म्हणून हा इतिहास तुम्हाला सांगायचा.

माकडताप माणसाकडून माणसाला लागत नाही. रोग्याची सेवा करायला घाबरू नका. गोचीड चावल्यापासून साधारण तीन ते आठ दिवसांत ताप येतो. शंभर रुग्णांत तीन ते पाच दगावतात, बाकीचे वेळेवर दवाखाना गाठला तर वाचतात. त्यावर नेमके असे औषध नाही. सलाईन, रक्तस्राव आवरणे, काळजी घेणे हाच उपचार. एक लस पूर्वी कर्नाटकात देत, पण तिचा गुण पुरेसा नाही असे दिसल्यावर २०२२ मध्ये तिचा वापर थांबला आणि नव्या लसीचे काम हाती घेण्यात आले. तोवर गोचिडीपासून अंग राखणे हीच लस समजा.

आपल्या गोठ्यातले संकट

माकडताप दूरचा असला तरी गोचिडीचे इतर रोग आपल्या दारातच आहेत. टेक्सासच्या गोष्टीतले सूत्र आठवा: परजीवी जुना आणि जनावर नवखे, की हाहाकार. आपल्याकडे परजीवी नवा आलेला नाही, जनावर नवे आले आहे. देवणी, लाल कंधारी ही आपली जनावरे पिढ्यान्‌पिढ्या इथल्या गोचिडींबरोबर राहून काटक झाली आहेत. दुधासाठी आपण होल्स्टीन, जर्सीच्या संकरित गाई आणल्या, दूध वाढले, चांगलेच झाले. पण या गाईंना थायलेरियोसिस, म्हणजे गोचीडताप, फार जोराने होतो. ताप, खांद्याजवळच्या गाठी सुजणे, दूध आटणे, डोळे-हिरड्या पांढऱ्याफटक पडणे ही लक्षणे. उपचाराला उशीर झाला तर साठ-सत्तर हजारांची गाय आठवड्यात हातची जाते. एवढ्या रकमेत एका कुटुंबाच्या वर्षाच्या उचलीचा मोठा वाटा बुडतो.

म्हणून हाळी-हंडरगुळीच्या बाजारातून जनावर आणले किंवा ऊसतोडीहून बैल परत आले, तर ते थेट संकरित गाईच्या शेजारी बांधू नका. उत्तरेकडच्या त्या अमेरिकन शेतकऱ्यांनी बंदुका घेऊन कळप अडवले. तुम्हाला बंदुकीची गरज नाही, दोन-तीन आठवडे वेगळा खुंटा पुरे आहे.

एक गोष्ट आणखी. गोचीड वेचून बोटांनी किंवा दगडावर चिरडण्याची आपल्याला सवय आहे. ती सोडा. सन २०११ मध्ये गुजरातेत अहमदाबादजवळ काँगो ताप नावाचा जीवघेणा रोग निघाला. आपल्या देशात त्याचे रुग्ण तेव्हा पहिल्यांदा ओळखले गेले. तोही जनावरावरच्या गोचिडीतून येतो आणि चिरडलेल्या गोचिडीचे रक्त हाताच्या जखमेतून अंगात गेले तरी लागू शकतो. तो मात्र रोग्याच्या रक्तामधून दुसऱ्या माणसालाही लागतो. गुजरातेत रोग्याची सेवा करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही दगावल्या होत्या.

नारू गेला, तशी गोचीडही हटेल

हे वाचून कुणी म्हणेल, रानातला रोग, पाखरे, माकडे, आपल्या हातात काय आहे? त्यांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना नारूबद्दल विचारावे. पायातून हात-दीड हात लांब, पांढरा दोऱ्यासारखा किडा निघायचा, तो काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळीत बसावे लागे. माणूस ऐन सुगीत महिना-दोन महिने अंथरुणाला खिळायचा. पायऱ्यांच्या बारवेत माणूस पाण्यात पाय बुडवी, किड्याची पिल्ले पाण्यात सुटत आणि तेच पाणी सारा गाव पिई.

सन १९८३-८४ मध्ये देशात नारू निर्मूलनाचा कार्यक्रम सुरू झाला. पायऱ्यांच्या विहिरी बंद करून वर आड केले, हातपंप बसवले, पाण्यात औषध टाकले आणि बायकांनी घरोघरी दुहेरी कापडातून पाणी गाळले. जुलै १९९६ मध्ये राजस्थानात देशातला शेवटचा रुग्ण सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. लस नव्हती, औषध नव्हते. फडक्याने आणि शिस्तीने हा रोग गेला.

पण त्याचीही एक पुढची गोष्ट आहे. आफ्रिकेतल्या चाड देशात नारू संपत आला असे वाटत असताना २०१२ पासून तो कुत्र्यांमध्ये निघू लागला. माणसातून हुसकावलेला किडा जनावरात जाऊन बसला. तिथली मोहीम अजून लांबली आहे ती त्यामुळेच. म्हणजे परजीवीशी लढाई करताना माणूस, जनावर आणि रान या तिघांकडे एकदम बघावे लागते.

तेव्हा काय करावे?

१) जनावरांची अंगे आठवड्यातून एकदा तरी हाताने चाचपून पहा. कान, मान, कास, मांडीची जांघ, शेपटीचे बूड इथे गोचीड असते. वेचलेली गोचीड हातमोजा किंवा चिमटा वापरून काढा आणि रॉकेल किंवा औषधाच्या पाण्यात टाका. चिरडू नका, जमिनीवर फेकू नका.

२) गोचिडीचे औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्याने आणि सांगितलेल्या मात्रेतच वापरा. कमी मात्रेत, वर्षानुवर्षे एकच औषध वापरल्याने गोचिडी त्याला दाद देईनाशा होतात. कपाशीवर फवारायचे औषध जनावराच्या अंगाला कधीही लावू नका, त्याने जनावर मरते. औषध लावल्यावर अंग वाळेपर्यंत जनावराला मुंगसे बांधा, म्हणजे ते अंग चाटणार नाही.

३) नुसत्या जनावराला औषध लावून भागत नाही. बहुतेक गोचिडी अंडी-पिल्लांच्या रूपाने गोठ्यातच असतात. भिंतीच्या भेगा लिंपून घ्या, गव्हाणीखालचा कचरा जाळा, भिंतीवर आणि जमिनीवरही औषध फवारा. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करा.

४) ऊसतोडीला निघताना आणि परतताना, दोन्ही वेळा बैलांवर गोचिडीचे औषध लावा. परतल्यावर बैल काही दिवस वेगळे बांधा. संकरित वासरांना थायलेरियोसिसची लस टोचून घेण्याबद्दल दवाखान्यात विचारा.

५) सह्याद्रीच्या बाजूला फड असेल तर जंगलाला लागून कोपी घालू नका. झाडीत जायचेच असेल तर पूर्ण बाह्यांचा सदरा, लांब पायांची विजार आणि पायात बूट असू द्या. आरोग्य केंद्रातून मिळणारे गोचीड-प्रतिबंधक तेल हातापायांना लावा. पाल्यावर उघड्या अंगाने बसू-झोपू नका. संध्याकाळी गरम पाण्याने अंग धुवा, लेकरांची अंगे बघा.

६) माणसाला गोचीड चिकटली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढा. बिडीचा चटका किंवा रॉकेल लावू नका.

७) रानात मेलेले माकड दिसले तर हात लावू नका, जवळ जाऊ नका. माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरून आसपास पसरतात. लगेच ग्रामपंचायतीला, वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा.

८) परमुलखात ताप आला तर दुकानातली गोळी खाऊन दिवस काढू नका. सरकारी दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना आपणहून सांगा: मी रानात गेलो होतो, मला गोचीड चावली होती. घरी परतल्यावर आठवड्याच्या आत ताप आला तरीही कुठे कामाला होतो ते सांगा. हे एक वाक्य डॉक्टरला नेमकी तपासणी करायला लावते.

बंधूंनो, टेक्सासच्या गुराख्यांनी जे ओळखले होते ते शास्त्रज्ञांना सिद्ध करायला वर्षे लागली. तुमच्याही नजरेला रोज काही ना काही पडत असते. अमुक बाजारातून आणलेल्या जनावरावर वेगळीच गोचीड दिसली, अमुक वाडीत एकापाठोपाठ गाई तापल्या, असे काही दिसले तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा आम्हा विस्तार अधिकाऱ्यांना कळवा. गोचीड काचेच्या झाकणाच्या बाटलीत घालून आणली तर फारच बरे. ती स्वतःच्या पायाने कुठे जात नाही, तिला नेणारे आपणच. आपण वाटेत तपासणी ठेवली, तर तिची वाट तिथेच बंद होते.